पिसवा अंगावर कमी, घरात जास्त

कुत्र्याला औषधी साबणाने आंघोळ घातली, बारीक फणीने विंचरून दहा-बारा पिसवा काढल्या, साबणाच्या पाण्यात बुडवून मारल्या. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा बूड टेकून, मागचा पाय कानामागे नेऊन खसाखसा खाजवायला बसला. अशा वेळी आपण म्हणतो, साबण कुचकामी निघाला. नाहीतर म्हणतो, बाहेर फिरायला नेलं तिथून पुन्हा घेऊन आला. बहुतेक वेळा यातलं एकही खरं नसतं. साबणाने त्याचं काम केलेलं असतं. नव्या पिसवा सोफ्याच्या फटीतून, गालिच्याच्या मुळाशी, कुत्रा जिथे दुपारी ताणून देतो त्या कोपऱ्यातून वर आलेल्या असतात. कित्येक दिवस त्या तिथेच तयार होत होत्या.

पिसवांचा अभ्यास करणारे एक ढोबळ हिशेब सांगतात. घरात सगळ्या अवस्थांच्या मिळून १०० पिसवा आहेत असं धरलं, तर अंगावर बसून चावणाऱ्या, आपल्याला दिसणाऱ्या जेमतेम ५. बाकी ५० अंडी, ३५ अळ्या आणि १० कोष. प्रत्येक घरात हे आकडे असेच्या असे येणार नाहीत, पण प्रमाण डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपण ज्या पाच जणींशी भांडत असतो, त्यांच्यामागे पंच्याण्णव रांगेत उभ्या असतात. तेव्हा फक्त कुत्र्याला घासत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

आधी एक खात्री करून घ्या. खाजवणारा प्रत्येक प्राणी पिसवांनीच हैराण असतो असं नाही. गोचीड एका जागी रुतून बसते आणि रक्त पिऊन टम्म फुगते. ऊ केसाला धरून संथ चालते. पिसू यांच्यापेक्षा वेगळी: लालसर तपकिरी, तिळाएवढी किंवा त्याहून लहान, आणि दोन बोटांत धरून दाबल्यासारखी दोन्ही बाजूंनी चपटी. त्या आकारामुळे ती केसांच्या जंगलातून सुळकन निसटते. मांजराच्या बाबतीत तर पिसू दिसेलच याचा भरवसा नाही, कारण मांजर दिवसभर अंग चाटतं आणि चाटता चाटता पिसवा गिळून टाकतं.

म्हणून पिसू शोधण्यापेक्षा तिची विष्ठा शोधावी. शेपटीच्या मुळाशी, पोटाखाली आणि मानेवर बारीक दातांची फणी फिरवा आणि जे पडेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. मिरपुडीसारखे काळे कण असतील आणि पाण्यात त्यांच्याभोवती लालसर तपकिरी डाग पसरत असेल, तर ते पचलेलं रक्त आहे. नुसती धूळ असेल तर रंग सुटत नाही. ही काळी पूड लक्षात ठेवा, तिचं काम थोड्याच वेळात पुन्हा येणार आहे.

घरातल्या कुत्र्यावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा मांजराची पिसू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीचीच असते. नावावर जाऊ नका, तिला कुत्रा, मांजर दोन्ही चालतात. मादी पहिल्यांदा पोटभर रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते आणि बहरात असली की दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. आता उवांच्या लिखा आठवा. त्या केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. पिसवेचं अंडं नेमकं उलट: अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, गुळगुळीत, कशालाही न चिकटणारं. ते काही तासांतच अंगावरून घरंगळून खाली पडतं. पिसवा झालेलं मांजर घरात हिंडतं, तेव्हा कुणीतरी मिठाची बाटली हलवत हिंडावं तशी अंडी सांडत जातात. सगळ्यात जास्त सांडतात ती जिथे ते झोपतं, अंग झटकतं आणि जिथे वरून उडी मारून उतरतं तिथे.

अंड्यातून अळी निघते. बिनपायांची, बिनडोळ्यांची, पांढुरकी, वाढून पाचएक मिलिमीटरची होणारी. तिला उजेड सोसत नाही. ती खाली खाली जाते: गालिच्याच्या धाग्यांच्या बुडाशी, लादीच्या भेगेत, गादीच्या शिवणीत. ती चावत नाही, रक्त शोषत नाही. मग खाते काय? ती मघाची काळी पूड. प्रौढ पिसू स्वतःला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त पिते आणि अर्धवट पचलेलं बाहेर टाकते. ते वाळून, अंडी जिथे पडतात तिथेच पडतं. आईने लेकरांमागोमाग डबाही धाडावा, तशी ही सोय. चाटण्या-खाजवण्याने पिसवांचा सुळसुळाट कितीही कमी झाला, तरी अंथरुणावर ही पूड साचलेली असेल तोवर खालच्या पिढीची उपासमार होत नाही.

अळीची कमजोरी एकच, कोरडेपणा. हवेत ओल असेल तर ती तगते, हवा कोरडी पडली की सुकून मरते. थेट उन्हात तर ती टिकतच नाही. त्यामुळे अंगण असेल तर सगळं अंगण फवारत बसू नका. उघड्या, तापणाऱ्या जागेत पिसवांच्या अळ्या नसतात. झाडाखालची सावलीतली ओलसर माती, पायऱ्यांखालची जागा, कुत्रा खड्डा करून बसतो तो कोपरा, एवढंच बघा.

आणि आता कोष. पिसवा न जाण्याचं खरं कारण इथे आहे.

पूर्ण वाढलेली अळी तोंडातून रेशमासारखा धागा काढून स्वतःभोवती कोष विणते. धागा चिकट असतो, त्याला धूळ, केस, गालिच्याचे तंतू चिकटतात आणि कोष आसपासच्या कचऱ्यासारखाच दिसायला लागतो. हातात धरला तरी ओळखू येणार नाही. नेहमीच्या फवारणीतलं कीटकनाशक आत फारसं पोचत नाही. आत पिसू तयार होते, पण ती लगेच बाहेर पडतेच असं नाही. बाहेर येऊन दोन आठवड्यांत रक्त मिळालं नाही तर मरण ठरलेलं, म्हणून ती कोषातच दम धरून बसते. किती? परिस्थिती अनुकूल असली तर चार-पाच महिने.

ती वाट कशाची बघते? कुणीतरी जवळ आल्याची. पावलांचा हादरा, अंगाचा दाब, ऊब, आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड. ही वर्दी मिळाली की काही क्षणांत कोष फोडून बाहेर आणि लगेच उडी. (उडीबद्दल राहवत नाही म्हणून सांगतो: दोन-तीन मिलिमीटरचा हा जीव २० सेंटिमीटरच्या आसपास उडतो. ही स्नायूंची ताकद नव्हे. रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन आधी दाबून ठेवायचं आणि मग गलोलीसारखं सोडायचं, असं तंत्र आहे. १९६७ साली ते शोधून काढलं गेलं.)

सगळं हवामान मनासारखं असेल तर अंड्यापासून पिसवेपर्यंतचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत होतो. कोषात दडी मारली तर काही महिने लागतात. हा जो लवचीकपणा आहे, त्याच्यामुळेच एकदाच केलेला कोणताही उपाय हरतो. आज तुम्ही कितीही जालीम काही वापरा, आज जे कोषात आहे ते पुढच्या महिन्यात बाहेर येणार. पिसवांचा बंदोबस्त जोर लावून होत नाही, कॅलेंडर धरून होतो.

यातून एक गोष्ट निघते आणि ती बऱ्याच जणांना पटत नाही. पिसवा झाल्या की लोक कुत्र्या-मांजराला घराबाहेर काढतात, एका खोलीत कोंडतात, नाहीतर काही दिवस दुसऱ्याकडे ठेवतात. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. औषध दिलेला प्राणी म्हणजे घरभर फिरणारा सापळा असतो. कोषातून निघालेली भुकेली पिसू त्याच्या अंगावर उडी मारते आणि अंडी घालण्याआधीच मरते. तो घरात नेहमीसारखा हिंडला, लोळला, झोपला तरच हा सापळा चालतो. त्याला बाहेर काढलंत तर पिसवा कोषात वाट बघत बसतात, नाहीतर तुमच्या घोट्यांवर भागवतात.

तेव्हा पहिलं काम प्राण्याला औषध, आणि तेही घरातल्या प्रत्येक केसाळ प्राण्याला, एकाच दिवशी. एक मांजर खाजवत नाही म्हणून वगळलं, तर तेच पिसवांचं माहेर होतं. काही प्राण्यांना पिसू चावल्याचं फारसं जाणवत नाही, तर काहींना तिच्या लाळेची इतकी अ‍ॅलर्जी असते की दोन-चार पिसवांनीही शेपटीजवळची कातडी सोलून निघते.

औषधं दोन तऱ्हेची. मानेमागे कातडीवर टाकायचे थेंब आणि तोंडाने द्यायच्या गोळ्या. थेंबांमध्ये फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन अशी द्रव्यं असतात. पहिली दोन कातडीच्या तेलाबरोबर अंगभर पसरतात, तिसरं कातडीतून रक्तात शिरतं. केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचे, जीभ पोचणार नाही अशा जागी. आदल्या-पुढच्या दोन दिवसांत शाम्पू टाळलेला बरा, कारण तेलच धुऊन निघालं तर औषध पसरणार कसं? गोळ्यांमध्ये अ‍ॅफॉक्सोलानेर महिनाभर चालतं, फ्लुरालानेर साधारण बारा आठवडे. ही औषधं रक्तात असतात, म्हणजे पिसू चावल्यावर मरते. चावा शून्यावर येत नाही, पण अंडी घालणं थांबतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. या गटातल्या औषधांनी काही प्राण्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला होता. त्यामुळे पूर्वी फिट आलेला प्राणी असेल तर पशुवैद्याला ते आधी सांगावं. लगेच आराम हवा असेल तर निटेनपिराम नावाची गोळी अर्ध्या तासात पिसवा मारायला लागते, पण तिचा असर जेमतेम एक दिवस. ती सुरुवातीला ठीक, भरवशाला नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते पचतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. ‘छोटा कुत्रा नि मोठं मांजर, वजन तेवढंच’ हा हिशेब इथे चालत नाही. दोघं एकमेकांना बिलगून झोपत असतील तर कुत्र्याचं औषध निवडतानाही हे सांगा. चुकून लागलंच तर वाट न बघता दवाखाना गाठा. असाच दुसरा धोका सशांना, त्यांना फिप्रोनिल घातक आहे. आणि खूप लहान पिल्लांना बरीचशी औषधं चालत नाहीत. त्यांना रोज फणीने विंचरायचं, फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. कंटाळवाणं आहे, पण पिल्लाच्या अंगावर पिसवा माजल्या तर रक्त कमी होऊन ते दगावू शकतं.

घरगुती उपायांविषयी विचाराल तर माझं मत स्वच्छ आहे. लसूण खाऊ घालू नका, कांद्यासारखाच तोही कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतो. टी ट्री तेल आणि तशीच इतर तीव्र वासाची तेलं मांजराला विषारी ठरतात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे, परमेथ्रिनचं मूळही शेवंतीच्या कुळातल्या फुलांमधल्या द्रव्यात आहे. आवाजाच्या लहरींनी पिसवा पळवणारे पट्टे मिळतात, त्यांनी पिसवा हलत नाहीत. रात्री दिव्याखाली साबणाच्या पाण्याची ताटली ठेवली तर उबेकडे, उजेडाकडे झेपावणाऱ्या काही पिसवा त्यात बुडतात हे खरं. पण ती मोजणी झाली, बंदोबस्त नव्हे. मोजणीसाठी मात्र जरूर ठेवा.

दुसरं काम घर. इथे सगळ्यात गुणी हत्यार म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. तो अंडी ओढून घेतो, अळ्यांचं खाद्य ओढून घेतो, आणि त्याच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवांना वाटतं, आलं कुणीतरी. त्या बाहेर पडतात, म्हणजे औषधाच्या किंवा सापळ्याच्या तावडीत येतात. पिशवीत जमा झालेल्या पिसवा परत बाहेर येतील अशी धास्ती असते. २००७ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासलं, तर ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या, अळ्या आणि कोषातल्या तर सगळ्याच. ब्रश आणि वाऱ्याच्या माऱ्याने त्यांच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो आणि त्या सुकतात, असा त्यांचा कयास होता. पिशवी बाहेर नेऊन रिकामी करा, पण जाळायची गरज नाही.

खोलीच्या मधोमध फिरवून भागत नाही. सोफ्याच्या गाद्या उचला, कपाट-पलंगाखाली शिरा, भिंतीच्या कडेकडेने जा. सुरुवातीचे दोन आठवडे जमलं तर रोज, नाहीतर दिवसाआड. यंत्र नसेल तर ओला पोछा आणि कडक ब्रश, पण फटींमध्ये जीव ओतून. प्राण्याची अंथरुणं, तो झोपतो त्या चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. अंथरूण उचलताना झटकू नका, हलकेच गुंडाळून न्या, नाहीतर अंडी वाटभर पेरत जाल.

फवारणी करायचीच असेल तर डबीवर कीटकनाशकाबरोबर मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन हे शब्द शोधा. ही द्रव्यं पिसवेच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतात. अळी वयात येऊच शकत नाही, अंडी फुटत नाहीत. मेथोप्रीन उन्हात लवकर विरतं, पायरिप्रॉक्सिफेन जास्त तग धरतं. खोलीत धूर सोडणारे डबे मला पटत नाहीत: धूर वरून उघड्या जागी बसतो आणि अळ्या असतात सोफ्याखाली. हाताने, कोपऱ्याकोपऱ्यात फवारलेलं बरं. फवारणीआधी माशांची टाकी झाका, तिचा हवेचा पंप बंद करा, कारण ही बरीच द्रव्यं माशांना मारक असतात. फरशी पुरती वाळेपर्यंत मुलं नि प्राणी बाहेर. एवढ्यासाठी ते घराबाहेर गेलेले चालतील.

मग येतो धीर सुटण्याचा काळ. औषध दिलंय, फवारलंय, धुतलंय, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा! लोक इथे औषध बदलतात, दुप्पट मात्रा देतात, कुणाला तरी शिव्या घालतात. पण या कोषातल्या आहेत, उपाय सुरू करण्याआधीच विणलेल्या. पहिल्या दोन महिन्यांत त्या दिसणारच. बघायचं ते एवढंच की नव्या अंड्यांची भर थांबली आहे का. पांढरे मोजे घालून खोलीभर पाय घासत फिरा आणि मोज्यावर किती उडाल्या ते मोजा. दर आठवड्याला आकडा उतरत असेल तर काम नीट चाललंय. औषध किमान तीन महिने न चुकता द्या, पिसवा दिसेनाशा झाल्या तरी. दोन महिने उलटूनही आकडा जिथल्या तिथे असेल, तर बहुधा एखादा प्राणी सुटलाय, औषध अर्धवट पडलंय, किंवा एखादं बेवारस मांजर जिन्याखाली येऊन झोपतंय.

माणसांचं काय? ही पिसू आपल्याला चावते, बहुतेक गुडघ्याखाली, ओळीने किंवा झुबक्याने, पण आपल्यावर वस्ती करत नाही. केस कमी, सोय नाही. प्लेगची आठवण निघतेच, पण पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवून दिलेली प्लेगची वाहक पिसू प्रामुख्याने उंदराची, ती जात वेगळी. घरात खरी सावधगिरी पट्टकृमीची. अळी जंताची अंडी खाते, ती पिसू झाल्यावर कुत्रा-मांजर तिला चाटून गिळतं आणि जंत पोटात पोचतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले तर जंताचं औषधही मागून घ्या. लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही हा जंत होऊ शकतो, म्हणून रांगणारं मूल असलेल्या घरात फरशीची सफाई आधी.

लांबच्या सुट्टीवरून परतल्यावर दार उघडताच पायावर पिसवांचा पाऊस पडतो, तो का, हे आता लक्षात आलं असेल. महिनाभर घर निश्चल होतं. कोषातल्या सगळ्याजणी तयार होऊन बसलेल्या होत्या आणि पहिल्या पावलाचा हादरा त्यांना एकदमच मिळाला. रिकाम्या घरात राहायला जाणाऱ्यांचीही हीच गत होते, आधीच्या बिऱ्हाडात मांजर होतं हे कुणी सांगितलेलं नसतं. अशा घरात सामान हलवण्याआधी मोजे पँटवर ओढून एकदा सगळीकडे व्हॅक्यूम फिरवा, दोन दिवसांनी पुन्हा फिरवा, आणि तुमचा प्राणी आत आणायचा असेल तर औषध आदल्या दिवशी दिलेलं असू द्या.